घरचीं यंत्रें : जुन्या मोटारसायकलीचा आवाज

जुन्या यंत्राच्या बाबतींत गृहस्थांकडून दोन प्रकारचे प्रमाद नेहमीं घडतात. आवाज येऊं लागला तरी ‘जुनें आहे, असें व्हावयाचेंच’ असें म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणें हा एक. आणि पहिल्याच खडखडाटानें घाबरून यंत्र मिस्त्र्याच्या स्वाधीन करणें व ‘काय असेल तें खोलून पाहा’ असें सांगून मोकळें होणें, हा दुसरा. पहिल्यानें यंत्र जातें. दुसऱ्यानें पैसा जातो, आणि वर्षानुवर्षें एकमेकांस सरावलेले भाग विनाकारण विलग केल्यामुळें पुष्कळदां यंत्राची प्रकृतिही पूर्ववत् होत नाहीं. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे आधीं ऐकणें, मग विचार करणें, आणि खोलणें हें सर्वांत शेवटीं.

या विषयास निमित्त झालें तें एका वाचक भगिनींचें पत्र. त्यांच्या मामंजींनीं १९७८ सालीं घेतलेली एक बुलेट मोटारसायकल त्यांच्या घरीं आहे. मामंजी तीन वर्षांपूर्वीं निवर्तले. गाडी आतां धाकट्या भावोजींकडे असून ते रोज तिच्यावरूनच कामावर जातात, आणि रात्रपाळी असली म्हणजे अपरात्रीं एकटेच परत येतात. गेल्या दोन महिन्यांपासून इंजिनाच्या खालच्या अंगानें ‘ठक् ठक्’ असा जड आवाज येऊं लागला आहे. गाडी उभी असून इंजिन संथपणें चालू असतां तो अधिक; रस्त्यावर गाडी ओढूं लागली कीं पुष्कळसा कमी. मिस्त्र्यानें ‘क्रँक गेला, पूर्ण इंजिन खोलावें लागेल’ असें निदान केलें आहे. भगिनींचे यजमान म्हणतात, एवढा खर्च करण्यापेक्षां गाडी भंगारांत द्यावी. सासूबाई म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत ती या दारांतून जाऊं द्यावयाची नाहीं. आणि भावोजी म्हणतात, आवाज होतो तर होवो, गाडी चालते आहे ना! तिघांचेंही बोलणें ऐकून पत्रलेखिका विचारतात कीं, हा आवाज कशाचा हें घरच्या माणसांस ओळखतां येतें काय?

पुष्कळ अंशीं येतें, असें आमचें उत्तर आहे. यंत्राची दुरुस्ती ही हातांची विद्या आहे व ती मिस्त्र्याचीच राहील. परंतु निदानाचा पहिला अर्धा भाग हा कानांचा व विचाराचा आहे, आणि तो ज्यास कार्यकारणभाव समजतो अशा कोणाही माणसास करतां येतो. आमच्या प्राचीन वैद्यांनीं पाहणें, स्पर्श करणें आणि विचारणें अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. यंत्राच्या बाबतींत त्यांत ऐकण्याची भर घातली म्हणजे झालें.

प्रथम यंत्राचा थोडा परिचय. बुलेट हें नांव इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्यानें १९३२ सालीं आपल्या गाडीस दिलें. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली, आणि प्रथम सुटे भाग जुळवून व पुढें सर्व भाग येथेंच बनवून ही गाडी आपल्या देशांत तयार होऊं लागली. इंग्लंडांतील कारखाना कालांतरानें बंद पडला. मद्रासची, म्हणजे आतांच्या चेन्नईची, गाडी चालूच राहिली. ओतीव लोखंडाचा सिलिंडर असलेलें तिचें जुनें इंजिन या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बहुतेक त्याच घडणीचें होतें. म्हणून अशा गाड्या अजूनही शेंकडों घरांत आहेत, आणि त्यांचे आवाजही एकमेकींशीं पुष्कळ जुळतात.

या ३४६ घन सेंटिमीटरच्या इंजिनांत एकच सिलिंडर आहे. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, आणि आंतील पिस्टनची एक चाल ९० मिलिमीटर. हवा व पेट्रोल आंत घेणें, तें दाबणें, त्याचा स्फोट होणें व धूर बाहेर टाकणें अशा चार चालींचें एक आवर्तन होतें. आणि चार चाली म्हणजे क्रँकचे दोन फेरे. म्हणजेच स्फोट दोन फेऱ्यांतून एकदां होतो, आणि झडपा उघडण्याचें कामही दोन फेऱ्यांतून एकेकदांच होतें. हें एवढें ध्यानांत ठेवावें. कारण पुढील सर्व विवेचनाची ही किल्ली आहे. मिनिटास ३००० फेरे होत असतां पिस्टन त्याच एका मिनिटांत ६००० वेळां, म्हणजे सेकंदास १०० वेळां, आपली दिशा बदलतो. इतक्या वेगानें उलटसुलट होणाऱ्या भागांमध्यें केसाएवढी फट पडली तरी तिचा ठोका कां व्हावा, हें यावरून कळून येईल.

परीक्षेस आरंभ करण्यापूर्वीं सावधगिरीचे चार शब्द. इंजिन बंद खोलींत किंवा दार लावलेल्या पडवींत कदापि चालवूं नये. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे. गाडी अंगणांत मधल्या स्टँडवर उभी करावी, मुलांस दूर ठेवावें, उपरणें, ओढणी, पदर अथवा सैल बाही फिरत्या चाकाजवळ व साखळीजवळ जाऊं देऊं नये, आणि सायलेन्सरचा स्पर्श टाळावा.

पहिली गोष्ट ही कीं, आवाज इंजिनाचाच आहे काय तें ठरवावें. जुन्या गाडींत मडगार्डचा सैल बोल्ट, टाकीखालचें झिजलेलें रबर, हत्यारांच्या पेटीचें झांकण, सायलेन्सरचा तुटलेला कांस, इंजिनाचें डोकें सांगाड्याशीं जखडणारी पट्टी, यांपैकीं एखादा भाग कंप पावून असा आवाज करितो कीं ऐकणारास वाटावें, पोटांतच कांहीं मोडलें. एकानें इंजिन संथ चालू ठेवावें आणि दुसऱ्यानें जाड कापडानें हे भाग एकेक करून दाबून धरावे. दाबल्याबरोबर आवाज थांबला तर दोष तेथेंच. त्याला एक पाना व पांच मिनिटें पुरतात.

दुसरी गोष्ट तेलाची. बुलेटमध्यें तेलाचा साठा निराळ्या टाकींत नसून इंजिनाच्या कवचांतच एका कप्प्यांत आहे. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली तर हें तेल झिरपून क्रँकच्या कप्प्यांत उतरतें व मोजण्याची पट्टी कोरडी दिसते. तेवढ्यावरून तेल कमी आहे असें समजून वर आणखी ओतणें चुकीचें होय. इंजिन कांहीं मिनिटें चालवून, बंद करून, मग पट्टी पाहावी. तेल पुरेसें असूनही तें वर पोंचतें कीं नाहीं हा निराळा प्रश्न. इंजिनाच्या डोक्याकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट, इंजिन चालू असतां, किंचित् सैल केला तर तेथून तेल पाझरलें पाहिजे. न पाझरल्यास इंजिन तत्काळ बंद करावें, आणि तेलपंप पाहिल्याखेरीज पुनः चालवूं नये. तेलावांचून चालणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकत बसण्यांत शहाणपण नाहीं.

आतां प्रश्न विचारावयाचे. न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. एक असतां दुसरें असतें, हा अन्वय. आणि एक नसतां दुसरेंही नसतें, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कारण हातीं लागलें असें समजावें. केवळ एकावर विसंबूं नये. मोटारसायकलीस हा नियम तंतोतंत लागू पडतो. चार सिलिंडरांच्या मोटारींत एकेका प्लगची तार काढून कोणत्या सिलिंडरचा ठोका बंद होतो हें पाहतां येतें; बुलेटला एकच सिलिंडर असल्यामुळें तार काढली कीं इंजिनच बंद पडतें. म्हणून येथें निराळे उपाय योजावे लागतात.

पहिला प्रश्न : आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो कीं चाकाच्या वेगाबरोबर? गाडी उभी असून न्यूट्रलमध्यें रेस दिल्यानें तो वाढत असेल तर तो इंजिनाचा अथवा त्यास जोडलेल्या भागाचा. उभ्या गाडींत मुळींच येत नसेल आणि चालतांनाच येत असेल तर मागची साखळी, चाकाचें बेअरिंग, ब्रेक यांकडे पाहावें. दुसरा प्रश्न : क्लच दाबल्यानें फरक पडतो काय? न्यूट्रलमध्यें क्लच दाबतांच आवाज बदलला किंवा थांबला, तर संशय क्लचवर अथवा गिअरपेटीवर जातो, पिस्टनवर नव्हे. तिसरा : थंड इंजिनांत अधिक कीं तापलेल्या? चौथा : भार पडल्यावर, म्हणजे चढावर अथवा जोरानें रेस देतांना, वाढतो कीं कमी होतो? आणि पांचवा, तालाचा प्रश्न : सायलेन्सरमधून येणाऱ्या प्रत्येक ‘धक्’ बरोबर ठोका एक येतो कीं दोन? धक् दोन फेऱ्यांतून एकदां होतें. ठोका त्याच्याशीं एकास एक असेल तर तो झडपांच्या बाजूचा असण्याचा संभव मोठा. एकास दोन व समान अंतरानें असेल तर तो क्रँकच्या फेऱ्याशीं बांधलेला आहे. दोन्ही झडपांचे टॅपेट सैल असले तरी दोन ठोके येतात, परंतु त्यांचें अंतर असमान असतें. मिनिटास ८०० फेऱ्यांच्या संथ गतींतही सेकंदास सहा-सात धक् होतात. ते मोजणें कठीण, पण ज्यास भजनाचा ठेका कळतो त्यास त्यांचा ताल खचित कळेल.

यानंतर जागा शोधावी. फ्रान्समधील वैद्य लेनेक यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लावली व हृदयाचे ठोके त्याला स्पष्ट ऐकूं आले. वैद्यांची नळी त्यांतून निघाली. मिस्त्री हेंच काम लांब स्क्रूड्रायव्हरनें करितो. त्याचें टोंक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवावें, मूठ कानामागच्या हाडास लावावी, आणि वर, मध्यें, खालीं, डावीकडे व उजवीकडे अशा क्रमानें ऐकत जावें. धातूंतून आवाज दूरवर जातो, म्हणून एकाच ठिकाणीं ऐकून निर्णय करूं नये. सर्व ठिकाणांची तुलना करून सर्वांत तीक्ष्ण जागा निवडावी. टोंक फिरत्या भागास लागूं देऊं नये, हें सांगावयास नकोच.

वरच्या अंगाचे आवाज प्रथम घेऊं. शिवणयंत्रासारखी हलकी, नियमित ‘टिक् टिक्’ ही टॅपेटची. जुन्या बुलेटमध्यें ती थोडीफार असावयाचीच, व तेवढ्याला भिण्याचें कारण नाहीं. ती वाढली असेल तर सिलिंडरच्या उजव्या अंगास खालीं एक लहान झांकण आहे, तें इंजिन पूर्ण थंड असतां काढावें, आणि पिस्टन दाबाच्या चालीच्या वरच्या टोंकास आणून पुशरॉडच्या दोन सळया पाहाव्या. प्रत्येक सळई बोटांनीं सहज फिरली पाहिजे, परंतु वरखालीं हलतां कामा नये. हलत असेल तर ती सैल; आणि फिरतच नसेल तर ती प्रमाणाबाहेर घट्ट. या दुसऱ्या स्थितीकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. सळई घट्ट केली म्हणजे टिक्‌टिक् पार नाहींशी होते आणि गिऱ्हाईक संतुष्ट होऊन घरीं जातें. पण झडप आपल्या बैठकीवर पूर्णपणें बसत नाहीं. बसलेली झडप आपली उष्णता बैठकीस देऊन थंड होत असते. न बसलेलीस ती सोय उरत नाहीं, आणि धुराच्या वाटेची झडप हळूहळू जळूं लागते. मग किक मारतांना दाब लागत नाहीं, गाडी ओढत नाहीं, आणि डोकें उतरवावें लागतें. इंजिन मुकें झालें म्हणजे निरोगी झालें असें नव्हे.

टॅपेटसारखाच भासणारा दुसरा आवाज धुराच्या नळीचा. नळी जेथें इंजिनाच्या डोक्यास मिळते तेथें सांध्यांतून धूर फुटूं लागला तर ‘चट् चट्’ असा आवाज येतो व तो धक् बरोबर एकास एक असतो. अनेकदां टॅपेट तीन-तीनदां बसवूनही आवाज जात नाहीं, त्याचें कारण हेंच. सांध्याजवळ काजळी धरलेली दिसते. थंड इंजिन नुकतेंच चालू केलें असतां साबणाचें पाणी तेथें लावलें तर बुडबुडे उठतात. नळीचा सांधा आवळला कीं आजार संपला.

मध्यभागीं, सिलिंडरच्या पोटांत, पिस्टनचा आवाज. रिकाम्या मडक्यावर बोटांनीं ठोकावें तसा हा पोकळ असतो. सकाळीं थंड इंजिनांत तो स्पष्ट ऐकूं येतो आणि इंजिन तापून पिस्टन प्रसरण पावला कीं कमी होतो. याची खात्री करण्याची एक सोपी युक्ति आहे. इंजिन थंड असतां प्लग काढून त्या भोकांतून एक-दोन चमचे इंजिनाचें तेल ओतावें, चार-सहा किक मारून तें सर्वत्र पसरूं द्यावें, प्लग बसवून इंजिन चालू करावें. थोडा वेळ निळा धूर निघेल. परंतु तेवढ्या वेळांत ठोका दबला, आणि तेल जळून गेल्यावर पुनः आला, तर सिलिंडर व पिस्टन यांच्यामध्यें झीज झाली आहे. हा आजार जीर्ण आहे, तीव्र नाहीं. तेलाचा खप व धूर वाढेपर्यंत गाडी चालवितां येते; पुढें केव्हां तरी सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घालावा लागेल. पिस्टनच्या पिनेजवळ झीज असेल तर आवाज निराळा : दोन नाणीं लागोपाठ आपटावीं तसा तीक्ष्ण, जोडठोक्याचा, संथ गतींत अधिक उमटणारा.

खालच्या अंगाचे आवाज मात्र गंभीर. कनेक्टिंग रॉडचा खालचा, मोठा सांधा झिजला म्हणजे उखळांत मुसळ पडावें तसा जड ठोका येतो. भार पडतांच, विशेषतः संथ गतींतून एकदम रेस देऊन गाडी खेंचूं पाहतांना, तो वाढतो. क्रँकचीं मुख्य बेअरिंगें गेलीं असतील तर ठोक्याऐवजीं जात्याची घरघर ऐकूं येते व ती फुटरेस्टवर पायांस जाणवते. जुन्या बुलेटच्या मोठ्या सांध्यांत फिरता बुश असतो व त्याचें सर्व आयुष्य तेलावर अवलंबून. एकदां त्याची झीज वेगानें सुरू झाली कीं ती थांबत नाहीं. शेवटीं रॉड तुटतो, तुटका रॉड इंजिनाचें कवच फोडतो, आणि इंजिन अकस्मात् जखडलें तर मागचें चाकही जागच्या जागीं अडकतें. तें अपरात्रीं भर रस्त्यांत घडलें तर काय होईल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. म्हणून जड ठोक्याचा निकाल लागेपर्यंत गाडी चालवूं नये, हा आमचा भावोजींस आग्रहाचा सांगावा आहे. गॅरेजमध्यें न्यावयाची तर टेम्पोंत घालून न्यावी.

परंतु निकाल लागण्यापूर्वींच क्रँकवर आरोप ठेवणेंही न्याय्य नव्हे. कारण असाच ठोका उत्पन्न करणारे दुसरे अपराधी डाव्या बाजूच्या कवचांत लपलेले असतात. त्या कवचांत क्रँकपासून क्लचकडे जाणारी दुहेरी साखळी असते, आणि क्रँकच्या टोंकावर वीज उत्पन्न करणाऱ्या अल्टरनेटरचा रोटर बसविलेला असतो. साखळी सैल झाली कीं संथ गतींत ती कवचांत आपटते व खडखडते. गति वाढून ओढ एकसारखी झाली कीं शांत होते. रोटरचा नट सैल झाला अथवा त्याची चावी झिजली तर प्रत्येक धक्क्याबरोबर तो जड लोखंडी तुकडा क्रँकवर मागेंपुढें आदळतो, आणि त्याचा ठोका हुबेहूब मोठ्या सांध्यासारखा येतो. एका सिलिंडरच्या इंजिनाची संथ गति मुळांतच धक्क्याधक्क्यांची असल्यामुळें हा आवाज तेव्हांच अधिक; गाडी भार घेऊन ओढूं लागली कीं कमी.

आतां पत्रांतील लक्षणांकडे वळूं. ठोका उभ्या गाडींत अधिक व ओढतांना कमी, असें भगिनींनीं स्पष्ट लिहिलें आहे. मोठा सांधा झिजला असतां त्याच्या उलट व्हावयास पाहिजे. म्हणून पत्रावरून अनुमान करावयाचें तर आमचा संशय प्रथम डाव्या कवचावर जातो. हें अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. पण त्याची परीक्षा स्वस्त आहे. बुलेटचें डावें कवच एकाच मोठ्या नटानें धरलेलें असतें. डावा फुटरेस्ट काढून, खालीं एक परात ठेवून तो नट काढला कीं कवच सुटतें व आंतील तेल परातींत येतें. हें एका दुपारचें काम आहे. रोटर हातांनीं हालवून पाहावा, नट पाहावा, साखळीच्या मध्यावर बोट ठेवून वरखालीं किती हलते तें पाहावें. सर्वांत घट्ट जागीं सुमारें पाव इंच ढील योग्य. रोटरचा घांसल्याचा डाग दिसतो काय, हेंही पाहावें.

तेथें दोष न सांपडल्यास दुसरी पायरी तेलाची. इंजिनांतील जुनें तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यांत काढून उन्हांत पाहावें व तेलाचा फिल्टर उलगडावा. राखेसारखी अति बारीक पूड जुन्या इंजिनांत असतेच. चकाकणारे कण अथवा पापुद्रे मात्र अशुभ. मुलांच्या खेळांतील लोहचुंबक कागदांत गुंडाळून त्यांत फिरवावें. जे कण चिकटतील ते लोखंडाचे. जे चिकटणार नाहींत ते पिस्टनच्या ॲल्युमिनमचे अथवा बुशाच्या मऊ धातूचे. पुढील खर्चाचा अंदाज येण्यास याचा मोठा उपयोग होतो.

तिसरी पायरी, व तीही पूर्ण इंजिन खोलण्याच्या अलीकडची, अशी कीं डोकें व सिलिंडर एवढेच उतरवावे. जुन्या बुलेटमध्यें हे दोन भाग खालचें कवच न फोडतां निघतात. मग रॉड उघडा दिसतो. मिस्त्र्यानें तो सरळ वरखालीं ओढून पाहावा, आणि गृहस्थानें शेजारीं उभें राहून पाहावें. रॉड बाजूला थोडा हलतो, त्याचें टोंक किंचित् झुलतें. हें स्वाभाविक आहे, त्यावरून घाबरून जाऊं नये. वरखालीं मात्र जराही खेळ नसावा. तसा खेळ बोटांस लागला, किंवा ‘खट्’ असें ऐकूं आलें, तर मिस्त्र्याचें निदान खरें आणि क्रँक बाहेर काढणें प्राप्तच. नसेल, तर मोठा सांधा निर्दोष ठरला व तेवढा खर्च वांचला.

एक आवाज राहिला. घाट चढतांना, मोठ्या गिअरमध्यें भरपूर रेस दिली असतां, पत्र्याच्या डब्यांत चणे हालवावे तशी खुळखुळ कधीं कधीं ऐकूं येते. ही कोणत्याही भागाची झीज नव्हे. पेट्रोल वेळेपूर्वीं अथवा अति वेगानें पेटत आहे, याची ती सूचना आहे. ठिणगी फार लवकर पडणें, डोक्यांत काजळीचा थर सांचणें, इंजिन अति तापणें, मिश्रणांत पेट्रोल कमी पडणें, हीं त्याचीं कारणें. तत्काळ उपाय म्हणजे खालचा गिअर घालावा व रेस कमी करावी. येथें आणखी एक गोष्ट सांगणें योग्य होईल. २०२५ सालीं आपल्या देशानें पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें. इथेनॉल स्वतः अशा खुळखुळीस विरोधच करितें. परंतु त्यांत प्राणवायु असल्यामुळें जुन्या कार्बुरेटरांतून जाणारें मिश्रण थोडें विरळ होतें व इंजिन अधिक तापूं शकतें. शिवाय जुन्या रबरी नळ्या त्यानें मऊ पडतात. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या बदलून घ्याव्या, आणि प्लगचें टोंक पांढुरकें दिसूं लागल्यास कार्बुरेटरचा जेट मिस्त्र्याकडून तपासून घ्यावा.

मिस्त्र्याशीं कसें वागावें, याविषयींही दोन शब्द लिहितों. आपण चार गोष्टी वाचल्या म्हणून त्यास शिकवावयास जाऊं नये; त्याच्या हातांत जें आहे तें आपल्या हातांत नाहीं. परंतु ‘आवाज येतो’ एवढेंच सांगण्याऐवजीं एका कागदावर लिहून द्यावें : आवाज केव्हां येतो, थंड कीं तापलेल्या इंजिनांत, भारानें वाढतो कीं घटतो, क्लच दाबल्यानें काय होतें, आणि आपण काय काय तपासलें. असा कागद हातीं आला म्हणजे चांगला मिस्त्री रागावत नाहीं. त्याचा वेळ वांचतो. बदललेले जुने भाग परत मागून घ्यावे, आणि प्रत्येक पायरीनंतर पुढची पायरी विचारल्याशिवाय घेऊं नये, असें आधींच ठरवावें.

वर्गांत चाळीस मुलें एकसुरांत पाढे म्हणत असतां कोणता मुलगा चुकला हें शिक्षकास मान वर न करितां कळतें. कारण बरोबर पाढा त्याच्या कानांत बसलेला असतो. निरोगी आवाज ज्यानें ऐकून ठेविला आहे, त्यालाच रोगी आवाज ओळखतां येतो. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. गाडी दुरुस्त होऊन आली म्हणजे इंजिन तापल्यावर, त्याच जागीं, तेवढ्याच अंतरावर फोन धरून एक मिनिट आवाज टिपून ठेवावा, आणि दर दोन-तीन महिन्यांनीं तसाच टिपून पहिल्याशीं ताडून पाहावा. शेजारीं वहींत तारीख, तेल बदलल्याचा दिवस व गाडीचे किलोमीटर लिहावे.

विकावी कीं ठेवावी, हा प्रश्न मात्र यंत्रशास्त्राचा नाहीं. तो त्या घरानें एकत्र बसून सोडवावयाचा आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कवच उघडून पाहिल्यावांचून तो सोडवूं नये. रोटरचा नट सैल निघाला तर यजमानांची खर्चाबद्दलची हरकत आपोआप दूर होईल. क्रँकच गेला असेल तर खर्चाचा खरा आंकडा पुढें ठेवून बोलतां येईल. आणि सासूबाईंस असें सांगावें कीं, गाडी तूर्त दारांतच राहावयाची आहे. भावोजींनीं मात्र निकाल लागेपर्यंत कामावर एस्‌टीनें जावें. डाव्या कवचांत काय आढळलें तें भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावें. इतर वाचकांसही त्याचा उपयोग होईल.

पुढील महिन्यांत पावसाळ्यापूर्वीं घरच्या विहिरीवरील विजेच्या पंपाची तपासणी कशी करावी, याचा विचार करूं.